पट मोजता, तशा इयत्ताही मोजा

द्विशिक्षकी शाळेचा हिशेब एकदा उघड मांडू या. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलंय. म्हणजे दिवसाला चार तास. शाळेत इयत्ता चार आणि शिक्षक दोन. प्रत्येकाकडे दोन वर्ग, एकाच खोलीत, एकाच वेळी. शिक्षकाने कितीही जीव तोडला तरी चार तासांत एका वर्गाला दोनच तास देता येतात. जोडीदार रजेवर गेला किंवा तालुक्याला बैठकीला गेला की चारही वर्ग एकाच्या गळ्यात. मग प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला उरतो एक तास.

यात शिक्षकाचा आळस कुठे आला? हा साधा भागाकार आहे. चौथीतलं पोरही करून दाखवील.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतल्या वस्त्यांवर, उमरगा-लोहाऱ्यातल्या तांड्यांवर दोन शिक्षकांची शाळा हीच नेहमीची शाळा असते. तरी आपली सगळी व्यवस्था अशी चालते, जणू प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शिक्षक आहे. पाठ्यपुस्तक एका इयत्तेचं. वेळापत्रक एका इयत्तेचं. प्रशिक्षण एका इयत्तेचं. चाचण्याही इयत्तावार. शिक्षक तेवढा दोन-दोन, चार-चार इयत्तांचा.

कायद्याच्या परिशिष्टात काय लिहिलंय पाहा. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. हिशेब सगळा डोक्यांचा. शाळेत अठरा मुलं असोत की अठ्ठावन्न, इयत्ता तेवढ्याच राहतात, हे त्या कोष्टकात कुठेच नाही. गंमत नाही, अन्याय आहे. कारण त्याच परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी मात्र प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक असावा, असं स्पष्ट लिहिलंय. बारा वर्षांच्या पोराला स्वतःचा शिक्षक हवा, हे कायद्याला कळतं. सहा वर्षांचं पोर अजून पेन्सिल धरायला शिकतंय. त्याच्या शेजारी बसून हात धरायला माणूस लागतो. त्याला मात्र अर्धा शिक्षक पुरे!

"अठरा पोरं, त्याला दोन मास्तर कशाला?" हा प्रश्न गावच्या पारावर ऐकू येतो आणि कार्यालयातल्या खुर्चीवरूनही येतो. पारावरच्या माणसाला मी दोष देणार नाही. त्याला शाळेतली डोकी दिसतात, डोक्यांमागच्या इयत्ता दिसत नाहीत. खुर्चीवरच्या माणसाने मात्र हा प्रश्न विचारू नये. तिसरी-चौथी सांभाळणाऱ्या बाईंना मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास असे चार विषय दोन इयत्तांसाठी शिकवायचे असतात. आठ पाठांची तयारी झाली. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण वेगळंच. मुलं नऊ असली तरी पाठ आठच आणि एकोणतीस असली तरी आठच. पट कमी झाला म्हणून टाचणातली एक ओळही कमी होत नाही.

आता वर्गात चला.

फळ्यावर खडूने उभी रेघ. डाव्या बाजूला तिसरी, उजव्या बाजूला चौथी. तिसरीला हातच्याची वजाबाकी चाललीय, बावन्नातून सतरा. बाई तिथे वाकलेल्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून दहाची काडीजुडी सोडायची आणि सुट्या काड्या मोजायच्या. नेमक्या त्या क्षणी चौथीतून आवाज, "मॅडम, माजं झालं! आता काय करू?" दुसऱ्याचं झालेलं नाही, पण तो शेजारच्याचं बघून लिहितोय. तिसरा खिडकीतून बाहेर पाहतोय. बाईंनी मान वळवली की तिसरीतल्या त्या पोरीच्या हातातली जुडी सुटलेली, काड्या फरशीवर आणि हातचा हवेत. पुन्हा पहिल्यापासून. ह्या "आता काय करू?" वर सगळं अडलेलं असतं. त्याचं उत्तर तयार असलं तर तिसरीतल्या पोरीला सलग दहा मिनिटं मिळतात. नसलं तर दोन्हीकडचं जातं.

अनुभवी शिक्षकाकडे हे उत्तर तयार असतं. रेघ मारली म्हणजे जोडवर्ग शिकवला असं होत नाही, हे तो पहिल्या दोन वर्षांतच शिकतो. मग तो रेघ पुसतो आणि दोन्ही वर्गांसाठी विषय एकच घेतो. नळदुर्गचा किल्ला घ्या. बोरी नदी, तिच्यावरचा बांध, बांधाच्या पोटातला पाणीमहाल, पावसाळ्यात कोसळणारे नर-मादी धबधबे. पंधरा मिनिटं दोन्ही इयत्ता एकत्र ऐकतात. त्यानंतर तिसरी आपल्या जिल्ह्याच्या नकाशात बोरी नदी शोधते आणि नळदुर्गजवळची गावं लिहिते. चौथीला किल्ल्यांचा इतिहास असतोच. ती विचार करते की किल्ल्यात पाणी अडवून ठेवलं नसतं तर वेढा पडल्यावर काय झालं असतं. कुणी तुळजापूरच्या यात्रेला जाताना किल्ला पाहिलेला असतो, तो इतरांना सांगतो. विषय एक, खोली दोन पातळ्यांची. वजाबाकीचंही तेच. तिसरी काड्यांवर करते, चौथी आठवडी बाजाराचा हिशेब करते. वांगी, मिरची, कोथिंबीर, शंभराची नोट, परत किती? चौथीतल्या दोघी दुकानदार होतात आणि तिसरी गिऱ्हाईक.

हे कसब आहे. ते कुठे शिकवलं जातं? डी.एड.च्या दोन वर्षांत पाठ घ्यायला लावतात ते एका इयत्तेला, एका घटकावर, घड्याळ लावून. नोकरी लागते ती थेट द्विशिक्षकी शाळेत. पहिल्या दिवशी दोन वर्ग समोर बसलेले. कुणाकडे पाहून सुरुवात करायची, हेही कुणी सांगितलेलं नसतं. शिक्षण परिषदेला सगळे जमतात, तिथेही बोलणं निघतं पोर्टलचं, माहितीच्या तक्त्यांचं, तारखांचं. बहुवर्ग अध्यापनावर सलग तीन दिवस, खऱ्या मुलांसमोर, खऱ्या जोडवर्गात काम करून घेणारं प्रशिक्षण प्रत्येक नव्या शिक्षकाला सक्तीने मिळालं पाहिजे. रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात.

आणखी एक गोष्ट. दोन शिक्षकांपैकी एक मुख्याध्यापक असतो. तो प्रभारी असतो, कारण प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक १५० मुलांच्या वर गेल्यावर मिळतो. प्रभार म्हणजे पोषण आहाराचा तांदूळ, त्याची नोंद, शाळा व्यवस्थापन समितीची सभा, यू-डायसची माहिती, मुलांचे आधार, दाखले, बांधकाम, वीजबिल, गणवेश. हे सगळं करायचं कधी? वर्ग चालू असताना, कारण दुसरी वेळच नाही. माहिती मागणारा फोन अकरा वाजता येतो आणि बारा वाजेपर्यंत पाठवा म्हणतो. त्या तासात दोन इयत्ता पाढे लिहितात. कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम देऊ नये असं आहे. हे माहितीचं काम त्या कलमात बसत नाही, पण वर्गाचा तास खाण्यात ते निवडणुकीच्या वरताण आहे. त्याच कायद्याने शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरलाय आणि त्यात पाठाच्या तयारीचे तासही मोजलेत. आठ पाठांच्या तयारीला त्यातले किती तास उरतात, हे एकदा कुठल्याही प्रभारी मुख्याध्यापकाशेजारी दिवसभर बसून पाहावं.

आता आपल्या जिल्ह्याचं खास दुखणं. दसरा झाला, दिवाळी आली की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, भांडीकुंडी आणि पोरं. हंगामी वसतिगृहामुळे काही पोरं आजी-आजोबांजवळ गावातच राहतात. ही योजना खरोखर चांगली आहे, ती वेळेवर सुरू झाली तर आणखी पोरं थांबतील. तरी बरीच जातात. उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात तेव्हा तिसरीच्या बाकावर बसलेली असली तरी वाचन पहिलीच्या शेवटाला थांबलेलं असतं. म्हणजे बाईंच्या खोलीत इयत्ता दोन दिसतात, पातळ्या पाच असतात. कुणाला जोडाक्षर येत नाही, कुणाला वाचता येतं पण अर्थ लागत नाही, कुणी गोष्टीचं पुस्तक संपवून दुसरं मागतंय. शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेसाठी पट धरतात तो ३० सप्टेंबरचा. टोळ्या निघतात त्यानंतर. त्या तारखेच्या कागदावर शाळा भरलेली आणि सरळ दिसते. जानेवारीतली शाळा कुणी मोजत नाही, मार्चमधली तर नाहीच.

याला इयत्तेचं पुस्तक हे उत्तर नाही. याला पायऱ्या लागतात. मूल जिथे थांबलं तिथून पुढची पायरी.

अशा पायऱ्या बांधलेल्या आहेत, आणि फार लांब नाहीत. आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीत पद्मनाभ राव आणि रमा यांनी एकशिक्षकी खेडेशाळांसाठी कार्डांची पद्धत उभी केली. पुस्तकातला पाठ छोट्या छोट्या कार्डांत फोडायचा, प्रत्येक कार्डावर चित्राची खूण, भिंतीवर त्याच खुणांची शिडी. मूल शिडीवर आपली जागा शोधतं, आपलं कार्ड स्वतः काढतं आणि कामाला लागतं. ऊसतोडीवरून चार महिन्यांनी परतलेलं मूलही आपल्या जुन्या खुणेपासून सुरू करतं. वर्ग पुढे निघून गेला, मी मागे राहिलो, असं त्याला म्हणावं लागत नाही. ही पद्धत पाहून म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातल्या शिक्षकांनी १९९५ मध्ये नली-कली सुरू केली. २००९ पासून कर्नाटकाने ती सरकारी कन्नड शाळांच्या सुरुवातीच्या वर्गांत राज्यभर नेली. तिथे लहान इयत्ता मुद्दाम एकत्र बसतात. शिक्षकाची पूर्ण मदत लागणाऱ्यांचा एक गट, थोडी मदत लागणाऱ्यांचा दुसरा, सोबत्याच्या मदतीने करणाऱ्यांचा तिसरा, स्वतःचं स्वतः करणाऱ्यांचा वेगळा. शिक्षकाने कुठल्या गटाजवळ बसायचं ते कार्डच सांगतं. "आता काय करू?" हा प्रश्न तिथे मूल शिडीला विचारतं.

दूर कोलंबियात विकी कोल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात खेड्यातल्या बहुवर्ग शाळांसाठी एस्क्वेला नुएवा उभारली. तिथेही मूल आपल्या गतीने पुढे जाईल अशा मार्गदर्शिका आणि मुलांनी चालवलेली समिती. हे लोक बहुवर्ग शाळेकडे तात्पुरती अडचण म्हणून पाहत नाहीत. ती आहे, राहणार आहे, म्हणून तिच्यासाठीच साधनं बनवतात.

कार्डांचेही प्रश्न आहेत. ती फाटतात, हरवतात, पावसाळ्यात गळक्या खोलीत भिजतात, दरवर्षी नवा संच लागतो आणि नोंदी वाढतात. नुसती कार्डं देऊन शिक्षकाला वाऱ्यावर सोडलं तर ती कपाटात जातील. पण प्रश्न आहेत म्हणून दोन इयत्तांना एकाच वेळी दोन वेगळी पुस्तकं घेऊन बसवायचं, हे कुठलं उत्तर?

आपल्याकडेही काम करणारे आहेतच. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. फरशीवर आखलेली कोष्टकं, खडे, काड्या, मुलांच्या हातात साहित्य. महाराष्ट्रभरचे शिक्षक ते पाहायला गेले. परंड्यापासून फार लांब नसलेल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकावर क्यूआर कोड लावले. त्यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्याचा सगळ्यांना अभिमान वाटला. पण त्या कोडचा जोडवर्गाला काय उपयोग, यावर कुणी फार बोललं नाही. एका वर्गाला कविता ऐकायला लावून शिक्षक दुसऱ्या वर्गाजवळ बसू शकतो. फक्त त्यासाठी शाळेला स्वतःचा फोन आणि स्वतःचं नेट हवं. आज तो शिक्षकाच्या खिशातला असतो आणि रिचार्जही त्याच्याच पगारातला.

"मग छोट्या शाळा बंदच करा की, मुलं मोठ्या शाळेत जातील." हे ऐकून माझं डोकं फिरतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच नोंद आहे की २०१६-१७ मध्ये देशात १,०८,०१७ एकशिक्षकी शाळा होत्या आणि त्यातल्या ८५,७४३ पहिली ते पाचवीच्या. एवढ्या शाळा कुणाच्या हौसेने निघालेल्या नाहीत. लहान पोराला घराजवळ, एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, म्हणून निघाल्या. वस्तीवरची सहा वर्षांची पोरगी एप्रिलच्या उन्हात, रानातल्या पायवाटेने, ओढा ओलांडून मोठ्या शाळेत जाईल असं ज्याला वाटतं, त्याने तिच्यासोबत एकदा चालून यावं. गाडी देऊ म्हणतात. गाडी पहिलं वर्ष येते, दुसऱ्या वर्षी बिल अडकतं, तिसऱ्या वर्षी पोरगी घरी बसते आणि धाकट्याला सांभाळते. शाळा तुटली की आधी मुली तुटतात.

१९८७ मध्ये खडू-फळा मोहीम निघाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक बाई. एका शिक्षकाचे दोन झाले, ते मोठं पाऊल होतं. पण चार दशकं होत आली, लहान शाळा त्याच पावलावर उभी आहे. उलट पाय मागे गेला. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि वीसच्या आतल्या पटाच्या शाळांतल्या पदांवर गदा आली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनी, अशा शाळांत दोनातली एक जागा कंत्राटी माणसाने भरायचा निर्णय निघाला. २५ सप्टेंबरला राज्यभरचे शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर आले. पुढे त्या निर्णयात बदल झाले. पण बदल झाले ते पुन्हा पटाच्याच आकड्यांवर, वीस की दहा. इयत्ता किती, हा प्रश्न त्या सगळ्या वादात कुणी विचारला नाही. संघटनांनीही नाही, आणि हे मला जास्त लागलं.

हायस्कूलचे शिक्षक म्हणतील, आम्हीही दिवसाला सहा-सहा वर्गांवर जातो. खरं आहे. आठवीचं बीजगणित संपवून घंटा होताच दहावीच्या प्रकाशाच्या अपवर्तनात शिरायचं, मधे पाण्याचा घोट नाही, वह्या तपासायला मोकळी तासिका नाही. त्यांचं म्हणणं रास्त आहे, त्यांना आठवड्याला ठरावीक मोकळ्या तासिका मिळायलाच हव्यात आणि बदली तासिकेच्या नावाखाली त्या काढून घेऊ नयेत. पण त्यांचा एक वर्ग संपतो तेव्हा दुसरा सुरू होतो. वस्तीवरच्या बाईंचा एक वर्ग चालू असतानाच दुसरा चालू असतो.

राज्य सरकारने काय करावं हे सरळ आहे. संचमान्यतेच्या तक्त्यात पटाशेजारी इयत्तांचा रकाना टाकावा आणि चार इयत्तांच्या शाळेला, पट काहीही असो, तिसरा माणूस द्यावा. तिसरं पद लगेच जमत नसेल तर दोन-तीन शाळांमध्ये फिरता शिक्षक द्यावा. तो रजेच्या, बैठकीच्या दिवशी धावून येईल, म्हणजे चार इयत्ता एकावर पडणार नाहीत. बालभारतीने जोडवर्गासाठी शिक्षकाच्या हातात एक वेगळी पुस्तिका द्यावी. तिसरी-चौथीचे कुठले घटक एकत्र घेता येतात, कुठे वेगळे करायचे, दुसऱ्या वर्गाला त्या वेळी काय काम द्यायचं, हे त्यात पानोपानी असावं. आज हे प्रत्येक शिक्षक रात्री घरी बसून एकेकटा जुळवतो.

जिल्हा परिषदेला मात्र मुंबईची वाट पाहायचं कारण नाही. उमरग्याच्या पलीकडे हद्द ओलांडली की बसवकल्याण आणि आळंद. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आठही तालुक्यांतून द्विशिक्षकी शाळांचे शिक्षक निवडून तिकडच्या नली-कलीच्या वर्गात दोन दिवस बसवावेत. त्या दोन दिवसांत त्यांच्या शाळेवर केंद्रातून बदली माणूस द्यावा, शाळा एकावर टाकून त्यांना नेऊ नये. उमरग्यातल्या कितीतरी शिक्षकांना कन्नड येतं, ते सोबत असले की भाषेची अडचण नाही. परत आल्यावर या शिक्षकांना माहितीचा तक्ता मागू नये. मराठी आणि गणिताच्या पहिल्या शंभर कार्डांसाठी कागद, छपाई आणि आठवड्यातला एक अर्धा दिवस मोकळा द्यावा. दिवाळीनंतर टोळ्या निघतील, त्याआधी ती कार्डं शाळेच्या भिंतीवर लागली पाहिजेत.